चार वाजून चाळीस मिनिटं

१

डिस्क मेलेली नव्हती. कुणीतरी ती पुसली होती, आणि पुसून झाल्यावर पुढचं काम अर्ध्यात सोडून दिलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती गुरम्मा पंचाक्षरीच्या टेबलावर आली तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोलापूरच्या सात रस्त्यावर झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर गुरम्माचं दुकान. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे लग्नाचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि वकिलांचे दावे परत काढून द्यायचे, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. वय चोपन्न, आवाज खणखणीत, जीभ तिखट. अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं ते प्रेमानं कमी आणि धाकानं जास्त.

डिस्क घेऊन आले होते अंबादास गुंडेटी. एमआयडीसीत त्यांचा चादरींचा कारखाना. सोबत त्यांचा मुलगा अजिंक्य, पुण्याहून इंजिनिअर होऊन नुकताच परतलेला, बापाच्या मागं उभा राहून मोबाइल चाळणारा.

"बावीस वर्षांच्या नक्ष्या आहेत अक्का यात," गुंडेटी म्हणाले. "सव्वीसशे डिझाइनं. दसऱ्याला नारळ फोडून कॉम्प्युटर चालू केला तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दिवाळीचा माल मागावर चढायचाय. नक्षी नाही तर मागावर काय चढवू, माझं डोकं?"

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजची देखभाल कंपनी या महिन्यापासून बंद करणार होती, आणि नवं विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलणारं नव्हतं. म्हणून कारखान्यातल्या कॉम्प्युटरवालीनं, प्रतिक्षा बनसोडेनं, त्यात लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली घालायचं ठरवलं होतं. डिस्कवर एक कप्पा विंडोजचा, एक नक्ष्यांचा, आणि तिसरा मोकळा कप्पा लिनक्ससाठी. हे काम दसरा झाल्यावर व्हायचं होतं. यंत्र चालू केलं की आधी तोच सुरू होईल असा लिनक्सचा पेनड्राइव्ह तिनं लावून ठेवला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं, मी येईपर्यंत कॉम्प्युटर चालू करू नका.

गुरम्मानं डिस्क आपल्या यंत्राला जोडली. जुने तिन्ही कप्पे गायब होते. त्यांच्या जागी लिनक्सचा एकच अजस्र कप्पा पसरला होता. तो कधी तयार झाला याची नोंद त्याच्याच कपाळावर असते. ती तिनं वाचून दाखवली.

"एक ऑक्टोबर. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं."

"खंडेनवमीला?" गुंडेटी टेबलावर वाकले. "चार चाळीसला कारखान्यात वॉचमन सोडून एकच माणूस होतं. हे मला कागदावर लिहून द्या. शिक्का मारून."

मागं आठ गिऱ्हाइकं खोळंबली होती. गुरम्मानं तीन ओळी खरडल्या, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

२

शनिवारी अकराच्या सुमाराला एक मुलगी जिना चढून आली. खांद्यावर प्रवासाची बॅग, डोळे सुजलेले, पण आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता.

"चार चाळीस कुठून आणलंत तुम्ही?"

"तू कोण?"

"प्रतिक्षा बनसोडे. तुमच्या कागदातली चोर."

गुरम्मानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मी कागदात कुणाचं नाव लिहिलेलं नाही."

"गरजच नव्हती. आज सकाळी नागपूरहून उतरले ती तशीच कामावर गेले. गेटवर साहेबांनी दोन्ही पाळ्यांची साठ माणसं थांबवली आणि तुमचा कागद मोठ्यानं वाचला. म्हणाले, दिवाळीनंतर कॉम्प्युटर अजिंक्य बघणार म्हटलं म्हणून हिनं सूड घेतला, बावीस वर्षं धुऊन टाकली. सोमवारी पोलिसांत अर्ज देणार आहेत. केस झाली तर या गावात मला कोण कॉम्प्युटरला हात लावू देईल?"

"चार चाळीसला तू तिथं होतीस की नव्हतीस?"

"होते. त्या दिवशी माझी रजा होती. सहाला आमच्या वस्तीतली नागपूरची बस सुटणार होती आणि माझी बॅग डिझाइनच्या खोलीत राहिली होती. सव्वाचारला आले, बॅग शोधली, गेटपाशी वॉचमनशी बोलत थांबले, पाचला गेले. त्या खोलीला खिडकी नाही, आणि दिवासुद्धा लागला नाही. मोबाइलच्या उजेडात चाचपडत होते. कॉम्प्युटरकडं बघितलंही नाही."

"हे गेटवर सांगितलंस?"

"ओरडून सांगितलं. साहेब म्हणाले, खंडेनवमीला पूजा झालेल्या मशीनला आमच्यातलं कुणी हात लावत नाही. लावणारी तूच."

आमच्यातलं म्हणजे काय, हे दोघींनाही समजून सांगायची गरज नव्हती. खंडेनवमीला गुरम्माही आपल्या यंत्रांना हळदकुंकू लावून दुकान बंद ठेवायची, आणि प्रतिक्षाच्या घरी ती पूजा नव्हती. ते वाक्य गुरम्माला झोंबलं. शुक्रवारी शिक्का मारताना तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि आता त्याची तिला लाज वाटली. लाज वाटली की ती आणखी तिखट व्हायची.

"डिस्कवर जे लिहिलंय ते मी वाचलं," ती म्हणाली. "डिस्क कुणाची बाजू घेत नाही. निघ आता."

"डिस्क काही बोललीच नाही अक्का. तिच्या नावानं तुम्ही बोललात."

मुलगी जिना उतरून गेली. गुरम्मा पुन्हा कामाला लागली, पण हात चालेना. दिवा लागला नाही, असं ती म्हणाली. मुलगी खोटं बोलत असेल तर असलं बिनकामाचं खोटं कशाला बोलेल? आणि खरं बोलत असेल तर ज्या खोलीत दिवा लागत नव्हता, त्या खोलीत कॉम्प्युटर कशावर चालला?

भर दुपारी, गिऱ्हाइकं जिन्यात उभी असताना, गुरम्मानं शटर ओढलं.

३

कारखान्याच्या गेटवर धुळा वॉचमन स्टुलावर बसला होता. जेऊरकडचा माणूस, पंचवीस वर्षं याच गेटवर. अक्काला बघून उठला, पण गेट उघडलं नाही.

"मालकानं सांगितलंय, त्या पोरीच्या वतीनं कुनी आलं तर आत सोडू नगं."

"मी मालकाच्या कागदावर शिक्का मारलेली बाई आहे. उघड."

त्यानं उघडलं. आत शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीला मेन स्विचची लोखंडी पेटी होती. पेटीवर सुकलेल्या झेंडूची माळ, आणि दांड्याला हळदीकुंकवाची बोटं.

"ह्याचीही पूजा करता?"

"ह्याची तर पयली. खंडेनवमीला समद्या मागांची पूजा झाली की मालक सोताच्या हातानं मेन वढत्यात. मंग दसऱ्याला नारळ फुटल्याबिगर त्यो वर जात न्हाय. थोरल्या मालकापासनं रीत हाय."

"यंदा किती वाजता ओढला?"

"एकला. आरती झाली, मेन वढला, परसाद वाटला, समदी घरी गेली. दसऱ्याच्या सकाळपतोर हितं पंखा बी न्हवता. रातभर डास खात व्हते मला."

"डिझाइनच्या खोलीला वेगळी लाइन? बॅटरी?"

"बॅटरी कसली. ती पोरगी दोन साल झालं बॅटरी मागत व्हती, वीज गेली की काम बुडतं म्हणून. मालकानं कुटं दिली? समद्या कारखान्याला ह्यो एकच दांडा."

गुरम्मा त्या दांड्याकडं बघत राहिली. एक वाजता कारखान्यातली वीज बंद झाली ती दुसऱ्या दिवशीच आली. मग चार चाळीसला तो कॉम्प्युटर कुणालाच चालू करता आला नसता. प्रतिक्षाला नाही, खुद्द गुंडेटींनाही नाही.

डिस्कवरची नोंद खोटी होती, आणि त्या नोंदीखाली शिक्का तिचा होता.

४

ती धुळाच्या स्टुलावर बसली आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एरवी ती दुसऱ्यांना घालायची, त्याहून जरा जास्तच कडक.

कारण उत्तर तिला सारखं भेटत होतं. विंडोजशेजारी लिनक्स घातलं की घड्याळ साडेपाच तास पुढं पळतं, ही तक्रार घेऊन आठवड्याला दोन तरी गिऱ्हाइकं तिच्याकडं यायची. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं. विंडोज त्यात सरळ सोलापूरची वेळ ठेवतं. लिनक्स तेच घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचं समजतं आणि भारताची वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवतं. इंटरनेट असलं तर चूक आपोआप सुधारते. या कॉम्प्युटरला नेट नव्हतं. डिझाइनं बाहेर जाऊ नयेत म्हणून गुंडेटींनीच ते कधी जोडू दिलं नव्हतं.

चार चाळीसमधून साडेपाच तास वजा केले की अकरा वाजून दहा मिनिटं. सकाळची. पूजेच्या आधीची.

"धुळा, तुझं रजिस्टर आण. खंडेनवमीचं पान."

धुळाचं अक्षर गिचमिड होतं, पण माणूस काटेकोर. सकाळी आठला सुपरवायझर अभिमन्यू आणि पंचवीस कामगार, माग धुवायला. साडेआठला नक्षीचे रुद्रप्पा मास्तर. दहाला मालक आणि अजिंक्य गाडीतून बाहेर, मंडईत फुलं आणायला. बाराला मालक परत. प्रतिक्षाची नोंद एकच, सव्वाचारची. म्हणजे अकरा दहाला ती कारखान्याच्या आसपासही नव्हती.

गुरम्माला हायसं वाटलं. पण मालकाच्या नोंदीशी तिचं बोट अडखळलं. जाताना गाडीत दोघं होते, बाराला परतला एकटा बाप. तिनं वरच्या ओळी पुन्हा वाचल्या.

दहा चाळीस, अजिंक्य मालक, फुलांची पोती घेऊन रिक्षानं आत.

ज्याला दिवाळीनंतर कॉम्प्युटर मिळणार होता, आणि आपल्याला त्या पोरीइतकं येतं हे बापाला दाखवायची ज्याला घाई होती, तो अकरा दहाला कारखान्यात होता. आणि बापासमोर तो याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

५

गुंडेटींनी तिला केबिनमध्ये बसायला सांगितलं नाही. ती आपणहून बसली आणि घड्याळाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही.

"काल चार चाळीस, आज अकरा दहा. उद्या काय म्हणाल अक्का? परवा रात्री बारा?"

"काल मी चुकले. मेनचा दांडा तुम्ही स्वतः ओढलात ना? मग चार चाळीसला कॉम्प्युटर कशावर चालला ते तुम्ही सांगा."

गुंडेटींची नजर खिडकीतून मेनच्या पेटीकडं गेली. दांडा आपणच ओढला होता हे त्यांना आता आठवलं असावं.

"अजिंक्यला बोलवा," गुरम्मा म्हणाली. "आणि अभिमन्यू, रुद्रप्पा मास्तर. कामगार मागांपाशी जुंपलेले होते, सकाळी आत मोकळे फिरणारे हे तिघंच."

अजिंक्य आला तो कपाळाला आठी घालूनच. "मी कशाला हात लावू त्या डबड्याला? मी शेडमध्ये होतो."

"दहा चाळीसपासून बारापर्यंत?"

"हो. माग धुताना व्हिडिओ काढत होतो. पप्पांना आवडत नाही म्हणून बोललो नाही."

"साक्षीदार?"

अभिमन्यू दारात उभा होता. माढ्याकडचा, घरी ऊस आणि ज्वारी, इथं पंचवीस कामगारांचा मुकादम. मालकाचा हा पोरगा त्याच्या डोळ्यात सलायचा, आणि हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

"खरं सांगू का अक्का, ह्ये पोरगं मला दिसलं तरी माझं डोकं फिरतं," तो म्हणाला. "पर खोटं कसं बोलू? अकराच्या आदीपासनं मागांची धूळ उडवायला हवा मारायची चालली व्हती, अन् ह्यो मोबाइल घिऊन माझ्या तोंडापुढंच. दोनदा हाकलला. बारापतोर हलला न्हाय."

अजिंक्यनं मोबाइल टेबलावर आपटला. अकरा चारचा व्हिडिओ होता, अकरा नऊचा, अकरा पंधराचा. प्रत्येकात अभिमन्यूचा त्रासलेला चेहरा. दोघंही सुटले, आणि सुटताना एकमेकांकडं रागानंच बघत राहिले.

राहिले रुद्रप्पा मास्तर. वय सहासष्ट. पस्तीस वर्षं चौकटीच्या कागदावर हातानं चादरीची नक्षी भरलेला माणूस. मधेच कॉम्प्युटर आला तेव्हा माउस धरायला शिकला, तेवढंच. गुंडेटींनी त्यांना स्वतः उठून खुर्ची दिली. गुरम्मालाही त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलवेना. अक्कलकोटकडचे, तिच्याच समाजातले, तिच्या वडिलांच्या ओळखीचे.

"मास्तर, सकाळी डिझाइनच्या खोलीत कोण होतं?"

"मीच की. दर साली मीच पुसतो, हळदकुंकू लावतो. साडेधाला बाहेर आलो, मंग शेडच्या पायरीवर बसलो. खोली तशीच उघडी. कोण येतंय कोण जातंय, मी काय बघत बसलो न्हाई."

"कॉम्प्युटर चालू केलात?"

"मला काय कळतंय त्यातलं? त्या पोरीचं काम हाय ते. लई हुशार पोरगी." मास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "हुशार म्हणूनच सोडून दिलं बघा मधीच. मशीननं नाव विचारल्यावर आपलं नाव कशी घालंल ती? सापडली असती की."

गुंडेटींनी मान डोलावली. अजिंक्यही हं म्हणाला. गुरम्मा मात्र एकदम ताठ झाली.

"मास्तर," ती म्हणाली, "मशीन नाव विचारतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

६

बाहेर जुन्या नक्षीवरचे माग खडखडत होते.

"हे काम कुठं थांबलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही," गुरम्मा म्हणाली. "कागदातही लिहिलं नाही. लिनक्स घालताना पडद्यावर एकामागून एक पानं येतात. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्क पुसायची का, गाव कोणतं. सगळीकडं आधीच काहीतरी निवडलेलं असतं. न वाचता कोपऱ्यातलं बटण दाबत गेलं तरी माणूस पुढं जातो. या वेळी तर विंडोज अर्धवट झोपेत बंद झालेलं असणार, त्यामुळं लिनक्सला ते दिसलंच नाही, आणि पहिलाच पर्याय आला सगळी डिस्क पुसायचा. शेवटी एक पान येतं ते नावाचं. तिथं नुसतं बटण दाबून चालत नाही. टाइप करावं लागतं. ही डिस्क बरोबर त्या पानावर थांबली आहे. फायली उतरल्या, पण नाव कुणाचंच नाही."

"म्हणजे घाबरून सोडलं कुणीतरी," गुंडेटी म्हणाले. "ती पण घाबरली असेल."

"तिला नुकसान करायचं असतं तर दोन मिनिटांत नक्ष्यांचा कप्पा उडवून गेली असती. लिनक्स उतरवत बसली नसती. अजिंक्यला आपली हुशारी दाखवायची असती तर त्यानं स्वतःचं नाव ठळक घातलं असतं. ज्याला यातलं काहीही येतं तो नावापाशी अडत नाही. अडतो तो, ज्याला फक्त बटण दाबायचं माहीत आहे." तिनं मास्तरांकडं पाहिलं. "मास्तर, साडेदहाला तुम्ही बाहेर आला नव्हता. अकरा दहाला तुम्ही त्या खुर्चीत बसला होतात."

रुद्रप्पा मास्तर कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "सुम्मनिरु, गुरम्मा. नी नम्मवळु." गप्प राहा, तू आपल्यातली आहेस.

एका दिवसात दुसऱ्यांदा तिनं हा शब्द ऐकला, आणि या वेळी तो मायेनं म्हटलेला असल्यामुळं तिला जास्तच राग आला.

"मराठीत बोला मास्तर. गेटवर मराठीतच तिला चोर म्हटलं गेलं."

मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

"दर साली पूजेच्या आदी माझी पयली नक्षी पडद्यावर आणतो मी," ते म्हणाले. "तिला हळदकुंकू लावतो. पोरीनं चालू करू नका म्हटलं व्हतं. मला वाटलं, माझ्या नक्षीला हात लावू नगं म्हणणारी ही कोण. चालू केलं. येगळंच काय की आलं. विंडोज सुरू होतंय वाटलं. खाली बटण दिसंल ते दाबत गेलो. मंग नाव मागितलं. नाव घातल्याबिगर बटण दबंना. माझं नाव मला इंग्लिशात लिवता येत न्हाई. विजेचा पलग काढला अन् बाहेर आलो. मला काय ठाव, समदं गेलं ते. दसऱ्याला कळालं."

"आणि आज सकाळी?" गुरम्मानं विचारलं. "आज तर कळलेलं होतं."

मास्तरांनी मांडीवरचं उपरणं उचलून पुन्हा खांद्यावर घेतलं.

गुंडेटी उठून खिडकीपाशी गेले. वळले तेव्हा आवाज मऊ झाला होता. "अक्का, मास्तर मला बापाच्या जागी आहेत. मुद्दाम थोडंच केलं त्यांनी. मी अर्ज देत नाही, झालं? पोरीला सोमवारपासून कामावर घेतो. तुमचा कागद आपण फाडून टाकू."

"आणि गेटवर जे बोललात ते?"

"गेटवरचं लोक विसरतील. त्याचा एवढा बाऊ कशाला?"

गुरम्माच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं आवाज चढवला नाही. "नक्ष्या हव्यात ना तुम्हाला? त्या बहुतेक सगळ्या जिवंत आहेत. वरचा थोडा भाग तेवढा चिरडला गेलाय. पण जुन्या कप्प्यांच्या हद्दी कुठून कुठपर्यंत होत्या ते मला कळलं पाहिजे. ते आकडे असले तर दोन दिवसांचं काम. नसले तर तुमची दिवाळी जाईल आणि मी शोधतच बसेन. असली कामं करणारा माणूस हात लावायच्या आधी ते आकडे वहीत उतरवून ठेवतो. प्रतिक्षानं ठेवले असणार."

गुंडेटींनी तिथूनच फोन लावला. गुरम्मानं त्यांना स्पीकर चालू करायला लावला. ते गोड बोलले, चूकभूल झाली म्हणाले, केबिनमध्ये ये, बसून बोलू म्हणाले.

"आकडे आहेत," प्रतिक्षाचा आवाज आला. "वहीचं पान फाडून देते. सोमवारी सकाळी आठला, गेटवर. दोन्ही पाळ्यांची माणसं असतात तेव्हा. केबिनमध्ये नाही."

"अगं पण मास्तरांचं वय..."

"कोण मास्तर?" ती म्हणाली, आणि मग तिकडून फोन बंद झाला. तिला आत्ता कळलं होतं.

७

सोमवारी आठला रात्रपाळी सुटत होती आणि दिवसपाळी आत येत होती. गुंडेटींनी धुळाला गेट अर्धं लावायला सांगितलं तेव्हा माणसं कुजबुजत थांबली. शनिवारचा तमाशा सगळ्यांच्या लक्षात होता. आज पोलीस येणार असं कुणीतरी म्हणालं. प्रतिक्षा गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही.

गुंडेटी पुढं होईनात. घसा खाकरला, रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला. तेव्हा गुरम्मा मेन स्विचच्या पेटीखालच्या ओट्यावर चढली.

"शनिवारी इथं एक कागद वाचला गेला," ती म्हणाली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायला कधीच अडचण नसायची. "त्यावर चार चाळीस ही वेळ मी लिहिली होती. ती चूक होती. माझी चूक. घाईत होते, आणि या मुलीबद्दल वाईट विचार करणं मला सोपं गेलं. डिस्क सकाळी अकरा दहाला पुसली गेली. तेव्हा ही मुलगी इथं नव्हती. हिनं काहीही केलेलं नाही."

माणसांच्या माना एकमेकांकडं वळल्या. गुंडेटींनी खालमानेनं एवढंच म्हटलं, "माझी पण चूक झाली. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर परत घेतो." प्रतिक्षा त्यांच्याकडं बघत नव्हती.

मास्तर ओट्यावर चढले नाहीत. त्यांना चढता येईना. खालीच उभं राहून, उपरण्याचं टोक मुठीत धरून ते म्हणाले, "मी केलं. माझ्या हातनं झालं. पोरीचा काय बी संबंध न्हाई."

पस्तीस वर्षं ज्यांच्या नक्षीवर ही माणसं जगली होती, त्यांच्याकडं बघायचं सगळेच टाळू लागले. अभिमन्यूनं पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

प्रतिक्षा आता गेटच्या आत आली. वहीतलं घडी केलेलं पान तिनं गुंडेटींच्या पुढं केलेल्या हाताला टाळून गुरम्माच्या हातात दिलं.

"सगळ्या हद्दी आहेत. सुरुवात आणि शेवट. तपासून घ्या."

"आजपासून ये कामाला," गुंडेटी म्हणाले. "बॅटरी पण मागवतो."

"नको साहेब."

ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. तीन वर्षं त्या दोघांनी एकाच खोलीत काम केलं होतं. त्यांची नक्षी मोठी करून दाखवायची असली की ती त्यांचा चष्मा पुसून द्यायची, असं धुळानं नंतर गुरम्माला सांगितलं.

"काका," तिनं विचारलं, "शनिवारी मी इथं ओरडून सांगत होते, की मी नाही केलं. तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मास्तरांनी मान वर केली नाही.

"हितंच," ते म्हणाले. "तुज्या मागंच हुबा व्हतो, पोरी."